रेंजच्या दगडावरून, खासगी

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. हे कुणीच वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

मी सुनीती. वय चव्वेचाळीस. (पंचेचाळीस जानेवारीत. जानेवारी लांब आहे.) घटस्फोटाला नऊ वर्षं झाली. हिंजवडीत सतरा वर्षं हेडफोन, माइक वगैरे वस्तूंची माहितीपत्रकं लिहिली, म्हणजे खोकं उघडल्या उघडल्या लोक जी बाजूला टाकतात ती. आता सहा महिने रजा. हिंजवडीजवळच्या नेऱ्यातल्या फ्लॅटला कुलूप लावून धरणाकाठच्या माले गावात दोन खोल्या आणि एक ओटा घेऊन राहिले आहे. उद्देश: एकांत.

एकांत छान चालला आहे. फक्त घरात रेंज नाही.

रेंज येते वस्तीच्या वर, एका काळ्या सपाट दगडावर. दगडावर पाच-सहा माणसं बसतात, पण फोन लागतो तो धरणाकडच्या कोपऱ्यात, आणि तिथे एकालाच बसता येतं. म्हणून पाळी लावायची. ज्यांची पाळी नाही ते उरलेल्या दगडावर बसून ऐकतात. याला इथे चोरून ऐकणं म्हणत नाहीत, रेंजवर बसणं म्हणतात.

संकल्प: दगडावर दिवसातून एकदाच. पंधरा मिनिटं.

संध्या. ७

चार वेळा गेले. पहिला दिवस होता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

निरंजनबद्दल लिहायला हवं. डायरीशी तरी प्रामाणिक राहावं.

आमची सोसायटी एकच. मी बी विंग, तो डी. सहा वर्षांत ओळख नाही. इथे आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मी माझ्या गॅलरीतल्या कबुतरांबद्दल तक्रार लिहिली. त्याने वेगळा मेसेज करून जाळी बसवणाऱ्याचा नंबर दिला. आज त्याला चाळीस दिवस झाले.

तो टाइप करतो, मी व्हॉइस मेसेज पाठवते. हे त्यानेच सुचवलं. सुरुवातीला एकदा चुकून बोलून पाठवला, तर म्हणाला, लिहू नकोस, असंच पाठवत जा, ऐकायला बरं वाटतं. माझ्या आवाजाबद्दल आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. शाळेत समूहगीताला मला फक्त ओठ हलवायला सांगायचे.

मी ‘नात्यांचं मानसशास्त्र’ हा ऑनलाइन कोर्स करते आहे. आठ आठवडे, शेवटी सर्टिफिकेट. पहिल्याच धड्यात माझं सगळं आयुष्य आहे. समोरासमोर माणूस आधी दिसतो, मग कळतो, आणि दिसण्यातच बराच वेळ जातो. ऑनलाइन माणूस आधी कळतो. निरंजनला मी कळले आहे. दिसायचं तेवढं बाकी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कोर्सचा गृहपाठ: आपल्या नात्यांचा तक्ता करा. एका बाजूला ‘स्क्रीनवरची’, दुसऱ्या बाजूला ‘समोरासमोरची’.

स्क्रीनवरची: १ (निरंजन. खोल.)
समोरासमोरची: ०

दगडावरची माणसं तक्त्यात बसत नाहीत. ती नाती नव्हेत, ती रांग आहे. तरी नोंद म्हणून:

पारूआत्या. साठीच्या. लेक प्रिया वाकडला दिली आहे, तिच्याशी रोज अर्धा तास, स्पीकरवर. स्पीकर नसता तरी ऐकू आलं असतं.

धाकलूमामा. शेळ्या आणि चांदी नावाची गाभण म्हैस. भोसरीतल्या मुलाचे मेसेज येतात, वाचता येत नाहीत.

रोहिणी. आशा सेविका. दिवसभर वाड्यावस्त्या फिरते आणि संध्याकाळी दगडावर बसून सगळी माहिती ॲपवर चढवते. धाकलूमामांना वाचता येत नाही आणि पारूआत्यांना चष्मा सापडत नाही, म्हणून दोघांचे मेसेज ती मोठ्याने वाचते. त्यातून रीतच पडली आहे. आलेला मेसेज दगडावर मोठ्याने वाचायचा.

मी वाचत नाही. माझे खासगी असतात. आज पारूआत्या म्हणाल्या, मॅडम, तुमच्या फोनला तोंड न्हाई व्हय. मी हसून दुर्लक्ष केलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज ‘एकटेपणा’ या विषयावर निरंजनला मेसेज केला. पावणेतीन मिनिटं. सात वेळा रेकॉर्ड केला, कारण प्रत्येक वेळी काहीतरी आडवं आलं. दोनदा चांदी. एकदा खालच्या खळ्यावर भात झोडण्याचा आवाज वाढला. पाचव्यांदा मी मुख्य वाक्यावर आले, ‘एकटेपणा ही खोली नसते, निरंजन, ती खिडकी असते’, तर धाकलूमामा शेळीच्या कानातली गोचीड काढता काढता म्हणाले, खिडकी कशापायी, दार म्हना, दारातनं मानूस आत येतं तरी.

अर्थात हे आवाज निरंजनपर्यंत पोचत नाहीत. माझ्या इअरफोनचा माइक तोंडाजवळचाच आवाज घेतो आणि मागचा गाळून टाकतो. मला हे पक्कं माहीत आहे, त्याचं माहितीपत्रक मीच लिहिलं आहे. पान अकरा. परत ऐकून खात्री करायचीही गरज नाही. (स्वतःचा आवाज मला ऐकवत नाही.)

सातव्यांदा कंटाळले आणि पाचवाच पाठवला.

सायं. ६.४०

निरंजनचं उत्तर: ‘खिडकीपेक्षा दार जास्त पटलं.’

मी दार म्हटलंच नव्हतं. म्हणजे मी न म्हटलेलंही त्याला ऐकू येतं. दगडावरून घरापर्यंत कशी आले आठवत नाही. चप्पल एकच होती पायात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी निरंजनचा मेसेज: ‘ताप उतरला का?’

मला ताप नव्हता. पण काल घसा जरा खवखवत होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तीस किलोमीटरवरून त्याला कळलं. त्याचं मन राखायला मी लिहिलं, उतरला.

तो: ‘वा. आता डिंकाचे लाडू पाठवा म्हणावं. लेकीने इतकं मागितलंय.’

यातला लेकीचा भाग नीट कळला नाही. तो मला प्रेमाने लेक म्हणत असेल, तर कोर्समध्ये त्यावर वेगळा धडा आहे. पण लाडूंचा इशारा स्पष्ट आहे. पुरुष थेट मागत नाहीत.

पारूआत्यांना विचारलं, डिंकाचे लाडू कसे करतात. त्या म्हणाल्या, आजच करतीया, प्रियाचा ताप उतरलाय, चार दिस जीव खाल्लाय माझा लाडू लाडू करून, या तुमीबी. गेले. तीन तास त्यांच्या चुलीपुढे डिंक फुलवत बसले. येताना त्यांनी डबाभर लाडू, पावट्याची भाजी आणि एक गोधडी दिली. गोधडी कशाला, तर म्हणे तुमच्या पायाला रात्रीचं थंड लागत असंल.

तक्ता: समोरासमोरची: ०. आज वेळच मिळाला नाही कुणाशी नातं जोडायला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

निर्णय. दगडावर एकाग्रता होत नाही. रोहिणीकडून कळलं की मागच्या टेपाडावर, करवंदीच्या जाळीपलीकडे, दोन काड्या रेंज येते. पण तितं कोन जातंय, बोलायला कुनी नसतं, असं ती म्हणाली. मला हेच हवं होतं.

पाऊण तास चढून गेले. संपूर्ण शांतता. माझा आजवरचा सर्वोत्तम मेसेज तिथे झाला. पाच मिनिटं, एका दमात, एकही अडथळा नाही. स्पर्श, विश्वास आणि इंटरनेट यांवर.

सायं. ६

निरंजनने फक्त अंगठा पाठवला.

निःशब्द झाला असणार.

उतरताना पाय मुरगळला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तीन दिवस टेपाडावरून तीन मेसेज. (पाय सुजला आहे, पण कलेसाठी.) तीन अंगठे.

आज शेवटी त्याने लिहिलं: ‘तू हल्ली कुठून बोलतेस? आवाज फार एकटा वाटतो. सगळी बरी आहेत ना?’

सगळी म्हणजे माझी सगळी रूपं. कोर्सचा चौथा धडा: प्रत्येक माणसात अनेक ‘मी’ असतात. त्याने धडा न वाचता ओळखलं. आणि माझा एकटा आवाज त्याला सोसवत नाही. मी हे वाक्य नऊ वेळा वाचलं.

त्याला त्रास नको म्हणून उद्यापासून पुन्हा दगडावर. पाय हेही एक कारण आहे. रोहिणीने घरी येऊन पट्टी बांधली आणि ओरडली. मॅडम, टेपाडावर काय ठिवलंय, हितं काय आमी चावतो का. दगडावर माझी जागा म्हणे कुणी घेतली नव्हती, पारूआत्यांनी तिथे पोतं टाकून ठेवलं होतं. कुणी बसायला लागलं की म्हणत, मॅडमचं हाय ते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. ऐतिहासिक दिवस

दगडावरून ‘जवळीक’ या विषयावर मेसेज पाठवला. फारसा बरा झाला नव्हता. मध्येच धाकलूमामा आणि पारूआत्या यांचं चांदी कधी व्यायची यावरून लागलं. आत्या म्हणाल्या, पौर्णिमेला व्यायची म्हनत व्हतास, पौर्णिमा होऊन पंधरा दिस झालं. मामा म्हणाले, म्हशीला काय कालनिर्नय वाचता येतंय का. रोहिणी म्हणाली, तुमाला तरी कुटं येतंय.

मेसेज ऐकून संपतो न संपतो, अर्ध्या मिनिटात निरंजनचं उत्तर आलं. हसण्याची चार चित्रं आणि: ‘तीस तारखेला रविवार आहे. येऊ का तिकडे? भेटावंसं वाटतंय फार.’

जवळीक हा विषय निघाल्याबरोबर. अर्ध्या मिनिटात.

मी लिहिलं, ये. मग वाटलं फार उतावीळ दिसतं, म्हणून पुढे पूर्णविराम टाकला. मग तो कोरडा वाटला, म्हणून फूल टाकलं. मग दगडावरून उठले आणि विनाकारण एका शेळीच्या पाठीवर थोपटलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आखणी.

१. वस्तीत कुणाला कळता कामा नये. सांगायचं, ऑफिसचे साहेब येणार आहेत.
२. निळा कुर्ता. पदर सांभाळत बोलणं मला जमत नाही.
३. बैठक ओट्यावर. दगडाकडे फिरकायचं नाही. ती माणसं फार बोलतात, पहिल्या भेटीचा सगळा परिणाम जाईल.
४. विषयांचं कार्ड करून ठेवायचं. (खरं तर गरज नाही. आम्ही चाळीस दिवसांत, आता साठ, जे बोललोय ते नवरा-बायको चाळीस वर्षांत बोलत नाहीत.)

मुद्दा एक अमलात आणला. दगडावर सहज म्हटलं, रविवारी ऑफिसचे साहेब येणार आहेत.

पारूआत्या म्हणाल्या, निरंजन व्हय.

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. त्या म्हणाल्या, आवो, महिनाभर निरंजन निरंजन करताय रोज, सात सात येळा. रोहिणी म्हणाली, मॅडम, ते जवळिकीचं दुसऱ्यांदा बोललात ते लई भारी झालतं, तुमी तिसरं का पाठवलंत.

कान गरम झाले. पण मग विचार केला, ऐकलं तरी समजलं थोडंच असेल. माझी भाषा जरा वेगळ्या पातळीवरची असते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

धडा पाचवा: नजरानजर. समोरच्याच्या डोळ्यांत चार सेकंद पाहा, मग हलकं स्मित करा. ऑनलाइन नात्यात हा स्नायू कमजोर होतो म्हणे.

आरशात सराव केला. बरा झाला. मग माणसावर म्हणून धाकलूमामांवर केला. ते म्हणाले, डोळ्यात काय गेलंय का, हिकडं या, फुंकर मारतो.

म्हशीवर केला. तिने सहा सेकंद पाहिलं. मला अजून पुष्कळ शिकायचं आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चांदी काल व्यायली. पारडी झाली. निरंजनला कळवलं नाही, उद्याच्या भेटीत म्हैस नको.

ओटा सारवला, म्हणजे पारूआत्यांनी सारवला, मी बादली धरली. त्यांनी विचारलं, त्याला तिखट चालतं का. मी म्हटलं, आम्ही एवढे खोल बोललो आहोत, तिखटाचा विषय निघाला नाही. त्यांनी हात बादलीत बुडवला. मग म्हणाल्या, बरं, बेताचं करते.

मी कशी दिसते, हा प्रश्न मनात नाही. मुळीच नाही. तीन वेळा पिना बदलल्या एवढंच.

रविवार, ३० नोव्हेंबर. रात्री नव्हे, संध्याकाळीच लिहून टाकते

क्रमाने.

११.०५ वाजता आला. उंच, जरा वाकलेला, चेक्सचा शर्ट. हातात जाळीची पिशवी, तीत संत्री. चार सेकंद पाहायचं ठरलं होतं. पाऊण सेकंद पाहिलं आणि त्याच्या चपलांकडे बघून म्हटलं, रस्ता सापडला का. तो म्हणाला, सापडला.

११.१० ते ११.२५. ओट्यावर. बी विंगच्या लिफ्टबद्दल बोललो. मग डी विंगच्या लिफ्टबद्दल. तो म्हणाला, तुला क्लबहाऊसपाशी बऱ्याचदा पाहिलंय, तू कायम फोनमध्ये बघत चालायचीस. यावर मी कार्ड काढायला हात घातला. कार्ड कुर्त्याच्या खिशात होतं, कुर्त्याला खिसा नव्हता. म्हणजे ते जुन्या कुर्त्यात राहिलं.

११.२५ ला लिफ्टही संपल्या. मला कशाचंच काही आठवेना. एकटेपणा, खिडकी, स्पर्श, सगळं दगडावर राहिल्यासारखं. त्याने फोन काढला. मीही काढला. रेंज नव्हती. दोघांनी परत ठेवले. डिंकाचे लाडू पुढे केले. तो म्हणाला, अरे वा, प्रियाला पोचले का?

मी म्हटलं, कोण प्रिया?

तो जरा गोंधळला. म्हणाला, पारूआत्यांची. मग म्हणाला, दगड कुठे आहे तुझा? जाऊया का तिकडे?

गेलो.

तिघंही हजर. रोज सहाला येणारी माणसं पावणेबाराला. निरंजन दगडाजवळ थांबला, डोळे मिटले आणि हसला. मग एकेकाकडे बोट न दाखवता ओळखलं. तुम्ही पारूआत्या. तुम्ही धाकलूमामा, दार म्हना म्हणणारे. तुम्ही रोहिणीताई. मग विचारलं, चांदी कुठाय?

धाकलूमामा म्हणाले, व्यायली की शुक्रवारी, मॅडमनी कळवलं न्हाई?

पारूआत्या म्हणाल्या, ये निरंजन, बस. उन्हात हुभा ऱ्हाऊ नगंस.

त्याला माझं पोतं दिलं.

एवढं झाल्यावरही मी प्रयत्न केला. म्हटलं, निरंजन, एकटेपणा ही... आणि पुढचं आठवेना. धाकलूमामा म्हणाले, खोली नसते. पारूआत्या म्हणाल्या, ती खिडकी असते. रोहिणीने अख्खी पावणेतीन मिनिटं तोंडपाठ म्हणून दाखवली, माझ्या श्वासाच्या जागांसकट. निरंजन डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसला. मग काय झालं कळत नाही, मीही हसले. प्रियाचा फोन आला तेव्हा ती स्पीकरवरून म्हणाली, नमस्कार काका, आई सांगत होती तुमच्याबद्दल.

चारपर्यंत तो दगडावर होता. चिकाचा खरवस तीनदा घेतला. पारडीचं नाव ठेवायला त्याला सांगितलं. त्याने मला विचारलं, काय ठेवूया. दिवसभरातलं आमचं हे सर्वात लांबलेलं बोलणं. खिडकी ठेवलं. धाकलूमामांचा विरोध होता.

इअरफोनच्या माहितीपत्रकाचं पान अकरा चुकीचं होतं, हे मला आज कळलं. ते मला इंजिनियरने सांगितलं होतं. मी लिहिलं. करून पाहिलं नव्हतं.

गाडीपाशी निरंजन म्हणाला, अनघाला जाऊन तीन वर्षं झाली. घरात फ्रिजचा आवाज तेवढा असतो. संध्याकाळी कुकर लावला की तुझे मेसेज लावून ठेवतो, कुणी घरात बोलतंय असं वाटतं. काही काही दहा-दहा वेळा ऐकलेत.

बायको गेली आहे हे त्याने साठ दिवसांत लिहिलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझी पाळी संपतच नव्हती.

मी संत्र्यांची पिशवी परत त्याच्याच हातात दिली, तो ती पुन्हा मला देऊन गेला.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी ८

तटस्थपणे पाहिलं तर भेट यशस्वी. दहा-दहा वेळा ऐकलेत, असं तो म्हणाला. दहा वेळा कुणी नुसती म्हैस ऐकत नाही.

कोर्स सोडला. सहाव्या धड्यात ते म्हणतात, समोर बसा आणि ऐका. हे ऑनलाइन शिकवायची गरज नाही.

सायं. ६.३०

दगडावर गेल्यावर निरंजनचा मेसेज आला: ‘काल बरं वाटलं. आजचा पाठवतेस ना? एक सांगू, राग मानू नकोस. लगेच बोलायला सुरुवात करू नकोस. आधी थोडं नुसतंच चालू ठेव.’

चालू केलं. मांडीवर ठेवलं. पारूआत्या आणि धाकलूमामा खिडकीच्या नावावरून भांडत होते. रोहिणी निरंजनने आणलेल्या संत्र्याची साल काढता काढता ॲपला शिव्या देत होती. खाली खळ्यावर कुणीतरी भात वारवत होतं. चार मिनिटं झाली. बोलायचं राहून गेलं. तसाच पाठवला.

पाचव्या मिनिटाला उत्तर: ‘तुझा आजवरचा सर्वात छान मेसेज.’

पारूआत्यांनी विचारलं, काय म्हनतुया. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, मी तर कवाधरनं सांगतीया सुनीते, तू गप बसलीस की ग्वाड वाटतीस.

उद्या पुन्हा गप्प बसायचं आहे. विषय आजच ठरवून ठेवते.